वर्गात मागे बसून मदत करणारं माणूस तुम्हाला कधी मिळालं का?

पाटीपेन्सिल

नमस्कार. जिल्हा परिषदेच्या शाळेत 14 वर्षं झाली मला. मराठवाड्यातली द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, पट 37. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. आधी एक प्रसंग सांगते, मग प्रश्न विचारते.

तिसरीला हातच्याची वजाबाकी चालू होती. फळ्यावर 42 वजा 17. गटसाधन केंद्रातल्या, म्हणजे शिक्षकांना मदत करायला तालुक्याला असलेल्या केंद्रातल्या, गणिताच्या साधनव्यक्ती ताई आल्या. दारात चपला काढल्या आणि मागच्या बसकरपट्टीवर मुलांच्या शेजारी मांडी घालून बसल्या. टाचण मागितलं नाही, हजेरी मागितली नाही. पूर्ण तास मुलांच्या वह्यांत बघत होत्या. सुट्टी झाल्यावर म्हणाल्या, "मॅडम, खिडकीजवळच्या मुलीनं 35 लिहिलंय. का लिहिलं असेल?" मी म्हटलं, "हातचा विसरली." त्या म्हणाल्या, "तिलाच विचारू या का?"

पोरगी म्हणाली, "सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन." मोठ्यातून लहान काढायचं, एवढंच तिला ठाऊक. ती हातचा विसरलेलीच नव्हती. तिच्या हिशेबात हातच्याची गरजच पडत नव्हती. आणि मी कितीतरी दिवस तिच्या वहीत लाल पेनानं "हातचा घे" असं लिहीत होते.

ताईंनी तुराटीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे मागवले. चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या तिच्यापुढे ठेवल्या. "यातल्या सतरा मला दे." तिनं एक गठ्ठा दिला. मग दोन सुट्या दिल्या. मग थांबली. हात तसाच हवेत. माझ्या तोंडावर आलेलं वाक्य ताईंनी नुसत्या नजरेनं थांबवलं. बराच वेळ गेला, मला तर फारच वाटला. मग तिनं दुसऱ्या गठ्ठ्याचं रबर ओढून काढलं, काड्या सुट्या केल्या, पाच मोजून दिल्या. आणि उरलेल्या स्वतःच मोजायला लागली, कोणी सांगितलं नसताना.

त्या दिवशी वजाबाकी कशी शिकवायची ते मला कळलं. डी.एड. झालं, कितीतरी प्रशिक्षणं झाली, पण ते रबर निघताना मी पहिल्यांदा पाहिलं. ताई जाताना म्हणाल्या, "उद्या बाकीच्यांना तुम्ही घ्या, गुरुवारी मी येते." आणि गुरुवारी खरंच आल्या.

14 वर्षांत माझ्या वर्गात अशी माणसं दोनदा आली. बाकी भेटी म्हणजे पट किती, पोषण आहाराची चव घेतली का, स्वच्छतागृहाचा फोटो, शेरेबहीत चार ओळी आणि सही. तुमच्याकडे कसं आहे? आणि इथे कोणी केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, डायटमधले (जिल्ह्याच्या शिक्षक प्रशिक्षण संस्थेतले) लोक असतील तर मनापासून विचारते. तुम्हाला असं येऊन बसायचं असतं का? असेल तर अडतं कुठे?

माणदेशी_वाट

ताई, अगदी माझंच लिहिलंत. आमच्याकडे प्रशिक्षण म्हणजे तालुक्याला दोन दिवस. राज्यावर तज्ज्ञ तयार होतात, ते जिल्ह्याला सांगतात, जिल्ह्याचे तालुक्याला, तालुक्याचे आम्हाला. पहिल्या पायरीवर दोन तास चाललेली चर्चा आमच्यापर्यंत येईस्तोवर सहा स्लाइडींची झालेली असते. सुलभक म्हणजे आमच्यातलाच एक शिक्षक, त्याला बिचाऱ्याला आदल्या आठवड्यात सांगितलेलं असतं. परत आल्यावर हजेरीचं प्रमाणपत्र मिळतं, पण तुम्ही वर्गात यातलं काय करून पाहिलंत, असं आजवर एकानंही विचारलेलं नाही. माझी तक्रार प्रशिक्षणाबद्दल नाही, त्या न विचारण्याबद्दल आहे.

जुना_केंद्रप्रमुख

मी 1998 पासून केंद्रप्रमुख होतो, 2019 ला निवृत्त झालो. मॅडमनी मनापासून विचारलंय, तसंच सांगतो.

केंद्रप्रमुख हे पद 1994 साली निर्माण झालं. राज्यभर 4860 केंद्रं ठरली. त्याआधी शाळा बघायला यायचे ते विस्तार अधिकारी, आणि त्यांच्याही आधीच्या पिढ्यांनी पाहिलेले 'दिपोटी', म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर. 1854 च्या वुडच्या खलित्यानंतर, म्हणजे इंग्रजांच्या शिक्षणविषयक धोरणानंतर, शाळा तपासणीची जी रीत आली ती आपल्या हाडात मुरलेली आहे. साहेब येतात, मुलांना उभं करतात, पाढे म्हणून घेतात, शेरा लिहितात. केंद्रप्रमुख या पदामागचा विचार नेमका याच्या उलट होता. दहा-बारा शाळांमागे एक अनुभवी शिक्षक, त्यानं शिक्षकांच्या सोबत राहायचं, पाठ घ्यायचे, एकाचं चांगलं दुसऱ्यापर्यंत पोचवायचं. त्याच सुमारास डीपीईपी, म्हणजे जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम, आला, औरंगाबाद, परभणी, नांदेड, लातूर, उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत, आणि समूह साधन केंद्र हा शब्द आमच्या तोंडी बसला.

सुरुवातीची पाच-सहा वर्षं मी हे काम केलं असं म्हणू शकतो. माझ्याकडे 13 शाळा होत्या. मोटारसायकलला मागे पिशवी, पिशवीत शब्दपट्ट्या आणि मणी. पुढे शेजारच्या केंद्राचा अतिरिक्त पदभार आला, शाळा झाल्या 27. नंतर मुलांची माहिती ऑनलाइन भरायचं सरल आलं, शाळांच्या माहितीचं यू-डायस दर वर्षी होतंच, आधार जुळणी, शिष्यवृत्तीचे अर्ज, पोषण आहाराची रोजची आकडेवारी. सकाळी सात वाजता फोनवर निरोप यायचा, "अकरापर्यंत माहिती सादर करा, विलंबास आपण जबाबदार राहाल." मी शाळेत जायचो तो कोणाची लिंक भरायची राहिली ते बघायला. शिक्षक मला दारात पाहून उठून कागद काढायचे. ज्या माणसाकडे बघून आपण कागद काढतो, त्याला "मला जोडाक्षरं शिकवायला जमत नाहीत" असं कोण सांगेल?

आणखी एक गोष्ट खरी आहे. मदत कशी करायची हे मला कोणी शिकवलं नाही. मी शिक्षक बरा होतो, म्हणून केंद्रप्रमुख झालो. मुलांना शिकवणं आणि मोठ्या माणसाला त्याचाच वर्ग नव्यानं दाखवणं, ही दोन वेगळी कामं. सुरुवातीला मी भेट संपवताना दहा सूचना द्यायचो. पुढच्या महिन्यात गेलो की त्यातली एकही झालेली नसायची, आणि मी चिडायचो. आता कळतं की चूक माझी होती.

एक सांगण्यासारखं काम झालं ते 2011 नंतरच्या दोन वर्षांत. केंद्रातल्या शिक्षकांच्या दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत परिपत्रकं वाचून दाखवणं बंद केलं, ती लिहून वाटून टाकायची. त्याऐवजी प्रत्येक वेळी एका शिक्षकानं आपल्या वर्गातल्या पाच मुलांच्या वह्या आणायच्या. नाव झाकायचं. सगळ्यांनी त्या फिरवून बघायच्या आणि फक्त एकाच प्रश्नावर बोलायचं: या मुलानं असं का लिहिलं? पहिल्या दोन परिषदांत लोक गप्प होते. तिसऱ्या वेळी एक गुरुजी स्वतःहून म्हणाले, "पुढच्या महिन्यात माझ्या वह्या घ्या." तालुक्याहून निरोप आला होता की परिषदेचा अहवाल ठरल्या नमुन्यातच पाहिजे. मी नमुनाही भरत राहिलो आणि वह्याही चालू ठेवल्या. बदली झाली आणि ते थांबलं.

आज केंद्रप्रमुखांच्या निम्म्याहून जास्त जागा रिकाम्या असलेले तालुके मी जवळून पाहिले आहेत. 2022 च्या डिसेंबरात निर्णय झाला की निम्मी पदं बढतीनं आणि निम्मी विभागीय परीक्षेनं भरायची. 2023 ला परीक्षेची सूचना निघाली आणि मग ती परीक्षा लांबतच गेली. तोवर पदभार कोणाकडे? एखाद्या पदवीधर शिक्षकाकडे, ज्याचा स्वतःचा वर्ग तिकडे मोकळा पडतो.

सायकलवाली

मी साधनव्यक्ती आहे, भाषा विषयाची, कंत्राटी. सर्व शिक्षा अभियानापासून आमची पदं, 2018 पासून समग्र शिक्षाखाली. पाटीपेन्सिल, तुमच्या त्या ताई कोण ते मला माहीत नाही, पण त्यांचा गुरुवार वाचून डोळ्यांत पाणी आलं. तो गुरुवार सांभाळणं हेच सगळ्यात अवघड असतं.

माझ्या वाट्याला तालुक्यातल्या शंभराहून जास्त शाळा. सगळीकडे जायचं म्हटलं तर वर्षातून एकदा हात लावून परत येणं होतं, त्याचा शिक्षकाला काही उपयोग नाही. म्हणून मी चार वर्षांपूर्वी गटशिक्षणाधिकारी साहेबांना सांगून पाहिलं की मला 15 शाळा द्या, पण दर पंधरा दिवसांनी त्याच शाळेत जाऊ द्या. साहेब भले होते, एक वर्ष हो म्हणाले. त्या वर्षात जे शिकले ते लिहिते.

पहिल्या भेटीत मी काहीच सांगत नाही. बसते, बघते, मुलांशी बोलते. दुसऱ्या भेटीत शिक्षकालाच विचारते, कोणत्या मुलांची काळजी वाटते? ती चार-पाच मुलं आम्ही दोघं मिळून वाचायला बसवतो. बहुतेक वेळा शिक्षकाला धक्का बसतो, कारण वर्गात सगळ्यांबरोबर म्हणणारं मूल एकटं वाचताना चित्र बघून आठवणीनं म्हणत असतं. धडा पाठ असतो, अक्षर ओळखीचं नसतं. बोट ठेवून मधलाच शब्द विचारला की कळतं. मग एकच गोष्ट ठरवायची. दोन नाही, एकच. "आठ दिवस रोज पंधरा मिनिटं ही पाच मुलं अक्षरचौकटीवरून शब्द बनवतील." आणि तो पहिला पाठ मी स्वतः घ्यायचा, शिक्षकानं मागे बसायचं. माझा पाठ फसतो तेव्हा तर फारच चांगलं होतं, त्यानंतर मोकळं बोलणं होतं. आणि सांगितलेल्या दिवशी परत जायचंच, बस चुकली तरी.

अभ्यासक्रम बदलतो तेव्हा आमची गरज सगळ्यात जास्त असते, आणि नेमके तेव्हाच आम्ही माहिती गोळा करत असतो. 2019 चा जून आठवा. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात संख्यावाचनाची नवी पद्धत आली, सत्तावीसच्या जोडीला वीस सात. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागचं कारण समजावून सांगितलं होतं. मराठीत आपण 27 लिहिताना आधी दोन लिहितो आणि म्हणताना आधी सात म्हणतो, म्हणून मूल ऐकून 72 लिहितं. कारण अगदी खरं आहे, पहिली-दुसरीच्या कोणत्याही बाईंना विचारा. पण बहुतेक शिक्षकांना ते बातम्यांतून कळलं. विधानसभेत गोंधळ, टीव्हीवर टिंगल, आणि दुसऱ्या दिवशी पालक शाळेच्या दारात, "आमच्या पोरांना वीस सात शिकवणार का?" उत्तर द्यायला उभा कोण? वर्गशिक्षक, ज्याच्याशी त्याबद्दल कोणी बोललेलंच नव्हतं. त्या आठवड्यात मी तीन गावांत पालकांसमोर मुलांना उभं करून दाखवलं, "त्रेसष्ट लिही" आणि मग "साठ तीन लिही". तीन गावांत आठ-नऊ मुलं पहिल्याला चुकली आणि दुसऱ्याला बरोबर आली. एक आजोबा म्हणाले, "मग दोन्ही शिकवा की, भांडण कशाला?" पुस्तकात होतंच दोन्ही.

पुढच्या वर्षी साहेबांची बदली झाली आणि माझ्या 15 शाळांचं वेळापत्रक गेलं. मानधनावरचं पद, प्रवासाचा खर्च बहुतेक खिशातून. पण जाणं सोडलेलं नाही.

हेमाडपंती

सगळं वाचलं. तुमच्या तळमळीबद्दल आदर आहे, पण माझं मत वेगळं आहे. मदतनीस नंतर, आधी शिक्षक द्या.

माझ्या शाळेत चार वर्ग आणि आम्ही दोघं. शिक्षण हक्क कायद्यानुसार 60 पटापर्यंत दोनच शिक्षक, त्यामुळे कागदावर सगळं नियमात आहे. सहकारी बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारे. कायद्याच्या 27 व्या कलमात जनगणना, आपत्ती आणि निवडणूक वगळून दुसरी कामं देऊ नयेत असं लिहिलंय, पण निवडणुकीच्या नावाखाली वर्षभर यादी चालूच असते. म्हणजे बऱ्याच दिवशी चार वर्गांना मी एकटा. अशा वेळी कोणी मागे येऊन बसून मला सांगणार की तुम्ही मागच्या ओळीला प्रश्न विचारले नाहीत? मला माहीत आहे मी विचारले नाहीत. मला हातच नाहीत तेवढे.

राज्यात जे लोक साधनव्यक्ती, तंत्रस्नेही, समन्वयक, पदभारी अशा नावांनी वर्गाबाहेर आहेत, त्यातला प्रत्येक चांगला शिक्षक एका वर्गातून उचललेला आहे. त्यांना आधी वर्गात परत पाठवा, असं मी म्हणेन. यात सायकलवाली ताईंबद्दल काही नाही. त्यांच्यासारख्या माझ्या शाळेत आल्या तर मी स्वागतच करेन, पण त्यांना म्हणेन, बसू नका, दुसरीचा वर्ग घ्या.

सायकलवाली

सर, मी घेईन. खरंच घेईन. माझ्या 15 शाळांपैकी चार बहुवर्गाच्याच होत्या, तिथे अर्धा दिवस एक वर्ग मीच घ्यायची आणि उरलेल्या वेळात शिक्षकाबरोबर एकच प्रश्न सोडवायची: एक वर्ग आपल्यासमोर असताना बाकीचे तीन काय करतील? मुलांना स्वतःहून करता येईल असं काम तयार ठेवणं, ही बहुवर्गाची अर्धी किल्ली. ते साहित्य बनवायला एकट्या शिक्षकाला वेळ नसतो, दोघांत बनतं. शिक्षक कमी आहेत तिथे माझं काम कमी होत नाही, जास्त होतं. पण रिकाम्या जागा भराव्यात या मागणीवर माझी सही तुमच्या आधी.

रानपाखरू

पालघर जिल्हा, डोंगरातली शाळा. आमची मुलं घरी वारली, कातकरी बोलतात. पुस्तकातली मराठी त्यांना जवळजवळ नवी भाषा.

मला वाटतं इथे आपण एक गोष्ट विसरतोय, हे काम आपल्याकडे नवीन नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 ला बोर्डीत सुरुवात केली आणि 1957 ला कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा पाड्यावरच्या अंगणात, मुलं गुरं राखतात तर शाळा कुरणात. तिथे तयार झालेल्या बालसेविका मुलांमध्ये राहूनच शिकल्या. आज वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याहून नीलेश निमकर आणि क्वेस्ट संस्थेचे लोक 2007 पासून याच भागात काम करताहेत, मागे राहिलेल्या मुलांच्या भाषा-गणितासाठी त्यांचा 'अनुपद' कार्यक्रम आहे. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी वाचनलेखन शिकवण्याची रीत लहान मुलांबरोबर वर्षानुवर्षं बसून घडवली. अशा ठिकाणी जाऊन आले की मला दर वेळी एकच जाणवतं, तिथे शिक्षकाच्या अडचणीला नाव असतं. "भाषा कच्ची" असं कोणी म्हणत नाही. "काना आणि वेलांटी वेगळी ओळखतो, पण दोन्ही एका शब्दात आली की थांबतो", असं म्हणतात. एवढं नेमकं बोलता आलं की उपाय निम्मा समोरच असतो.

आमच्या केंद्रात मध्यंतरी भेटीला आलेल्या एका अधिकाऱ्यानं पहिलीच्या पोरीला विचारलं, "बाळ, तुझं नाव काय?" ती बोलली नाही. शेरा लिहिला, "विद्यार्थी बोलके नाहीत." ती पोरगी सुट्टीत आवाज दुखेपर्यंत बोलते. तिच्या भाषेत बोलते.

कृष्णाकाठ

सातारा जिल्ह्यातून. कुमठे बीटचं (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळा) नाव इथे अजून कसं आलं नाही? बीटच्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादाचं, म्हणजे मूल स्वतः करून शिकतं या विचाराचं, जे काम उभं केलं, ते बघायला सगळ्या महाराष्ट्रातून शिक्षक आले. 22 जून 2015 ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र या कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला, त्या काळात तर गाड्याच्या गाड्या यायच्या.

मी त्या गाड्यांमधून आलेल्यांशी खूप बोललो आहे. बहुतेकांच्या फोनमध्ये फरशीचे फोटो असायचे. जमिनीवर रंगवलेले तक्ते, अंकांच्या पट्ट्या, गोल बसलेली मुलं. वर्षभरात राज्यातल्या हजारो वर्गांच्या फरश्या तशा रंगल्या. लोकवर्गणी गोळा झाली, रंग आले, शिक्षकांनी रात्री जागून आखलं. त्या श्रमांना नमस्कार. पण तक्त्यावर मूल काय करतंय, त्यानंतर शिक्षकानं काय विचारायचं, हे फोटोत येत नाही. ते शिक्षकासोबत वर्गात असणाऱ्या अधिकाऱ्यामुळे आलं होतं. बदल ज्या नात्यातून आला ते नातं मागेच राहिलं आणि फरशी तेवढी पुढे गेली. 2017 ला मी एका दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाळेत गेलो, तर सुंदर रंगवलेल्या अंकपट्टीवर बाकं मांडलेली होती.

म्हणून मला जुन्या केंद्रप्रमुख सरांचं वह्यांचं काम जास्त मोलाचं वाटतं. त्याला रंग लागत नाही.

दूरदेशीची_मास्तरीण

मी मूळची नाशिकची, गेली 17 वर्षं न्यू जर्सीत, त्यातली शेवटची सहा एका सार्वजनिक शाळा जिल्ह्यात गणिताची 'इन्स्ट्रक्शनल कोच' आहे. म्हणजे सायकलवाली ताई करतात तेच काम, पूर्ण पगारावर. ते वाचून लाज वाटली खरं तर.

इथली एक गोष्ट आपल्याकडे घ्यावी असं मनापासून वाटतं. आमच्या जिल्ह्यात कोच शिक्षकाचं मूल्यमापन करत नाही. मी वर्गात जे पाहते ते मुख्याध्यापकांकडे जात नाही, वार्षिक अहवालात येत नाही. मुख्याध्यापकांनी विचारलं तरी मी एवढंच सांगते की कोणाबरोबर कोणत्या विषयावर काम चालू आहे. सुरुवातीला कोणी विश्वास ठेवत नाही. माझ्या पहिल्या वर्षी एका ज्येष्ठ शिक्षिकेनं चार महिने दार उघडलं नव्हतं. मग एक दिवस तीच म्हणाली, अपूर्णांकाचा हा तास तू घे, मी बघते. तिथून सुरू झालं. केंद्रप्रमुख सरांनी जे लिहिलं, दारात पाहून कागद काढणं, ते इथेही झालं असतं जर माझ्या हातात शेरेबही असती.

अभ्यासही भरपूर झाले आहेत. जॉइस आणि शॉवर्स या संशोधकांनी 1980 च्या सुमारास हेच मांडलं की नुसतं सांगून आणि दाखवून वर्गात फारसं काही उतरत नाही, सोबत करून पाहणारं कोणी लागतं. 2018 ला क्राफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 60 अभ्यास एकत्र करून पाहिले. शिकवण्यात ठळक सुधारणा, मुलांच्या शिकण्यातही सुधारणा, पण कार्यक्रम जितका मोठा होत गेला तितका परिणाम पातळ. दक्षिण आफ्रिकेत नॉर्थ वेस्ट प्रांतात तेच साहित्य, तेच पाठ दोन गटांना दिले. एका गटाला केंद्रावर बोलावून प्रशिक्षण, दुसऱ्याला वर्गात येणारा कोच. मुलांच्या वाचनात कोचवाल्या गटाची प्रगती सुमारे दुप्पट निघाली. केनियात 2015 पासून 'तुसोमे' कार्यक्रमात आपल्या केंद्रप्रमुखांसारखेच सरकारी अधिकारी टॅब्लेट घेऊन वर्गात बसू लागले, आणि त्यांचा प्रवासखर्च झालेल्या वर्गभेटींवरच मिळायचा. म्हणजे गरीब देशात, सरकारी पदांवरच्या माणसांकडून हे झालेलं आहे. पदं तर आपल्याकडे 1994 पासून आहेत!

पण इथेही सगळं स्थिर नाही. कोविडनंतर शाळांना जो खास फेडरल निधी आला त्यातून खूप ठिकाणी कोच नेमले गेले. सप्टेंबर 2024 ला त्याची मुदत संपली आणि माझ्या ओळखीतल्या तिघी वर्गावर परत गेल्या. पैसे कमी पडले की आधी कोच जातात, कारण कोचच्या नावावर वर्ग नसतो.

हेमाडपंती सर, तुमचं म्हणणं मी टाळत नाही. माझ्या वर्गांत 22 मुलं असतात आणि सहसा दुसरं माणूस मदतीला असतं. तुमच्या चार वर्गांत मी टिकले असते का, माहीत नाही.

माणदेशी_वाट

शेरेबहीचा मुद्दा लाखमोलाचा. केंद्रप्रमुखाच्या एका हातात गोपनीय अहवालाची माहिती आणि दुसऱ्या हातात मदत, हे जमत नाही. 2025 च्या उन्हाळ्यात निपुण महाराष्ट्रचा, म्हणजे पायाभूत वाचन-गणिताचा, कृती कार्यक्रम चालला तेव्हा आमच्या केंद्रात हेच दिसलं. चावडी वाचन घेतलं, गावासमोर मुलं वाचायला उभी राहिली, पालकांनी टाळ्या वाजवल्या, फार चांगला दिवस होता तो. पण न वाचणाऱ्या मुलांची संख्या खरी लिहावी की नाही, यावर आम्ही शिक्षक दोन दिवस बोलत होतो. खरी लिहिली तर मदत येईल की नोटीस, हेच कळत नव्हतं. मी खरी लिहिली. नोटीस आली नाही, पण मदतही आली नाही.

जुना_केंद्रप्रमुख

खरी लिहिलीत, फार बरं केलंत.

पाटीपेन्सिल मॅडम, तुमचा जिल्हा माझ्या शेजारचाच असावा असं तुराट्यांवरून वाटतं. आता माझ्याकडे ना शेरेबही आहे ना लिंक. तब्येत बरी आहे, गाडी चालवतो. मुख्याध्यापकांची परवानगी असेल तर मी येऊन मागच्या पट्टीवर बसेन. वह्या बघेन. तुम्ही सांगाल तो वर्ग घेईन.

पाटीपेन्सिल

दोन आठवडे या धाग्यावर येता आलं नाही, परीक्षेचं काम होतं. पण वाचत होते.

हेमाडपंती सर, तुमची पोस्ट आमच्या सरांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "शब्दन् शब्द खरा." मीही तेच म्हणते. फक्त इतकंच की शिक्षक येईपर्यंत त्या खिडकीजवळच्या मुलीची तिसरी संपून गेली असती.

धागा वाचून आम्ही एक सुरू केलंय. तीन किलोमीटरवरच्या शाळेतले एक गुरुजी आणि मी. एकमेकांच्या वर्गात जायचं तर आपला वर्ग उघडा पडतो, म्हणून फोन खिडकीत ठेवून दहा मिनिटांचा तास टिपायचा आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की दोघांनी बसून बघायचा. कोणाला पाठवायचा नाही, बघून झाला की पुसायचा. मागच्या शनिवारी माझा पाहिला. मी दहा मिनिटांत 19 प्रश्न विचारले आणि त्यातल्या 12 ची उत्तरं स्वतःच दिली. मुलांची तोंडं उघडायच्या आत. गुरुजी काही बोलले नाहीत, फक्त तो तुकडा परत लावला. मला एकदम ताईंची ती नजर आठवली, काड्यांच्या वेळची.

जुने सर, मुख्याध्यापक म्हणजे आमचे सरच, त्यांना विचारलं. ते म्हणाले, विचारायचं काय त्यात, जेवायला घरी घेऊन जाईन. बुधवारी या. चौथीचा भागाकार चालू आहे. 408 भागिले 4 ला अकरापैकी सात मुलांनी 12 लिहिलंय. मी अजून कोणाला काही सांगितलेलं नाही आणि लाल पेनही लावलेला नाही. तुम्ही येईपर्यंत वह्या तशाच ठेवते.